लफडं, नोटीस आणि नऊ नाइटची डायरी

पत्र: “काका नमस्कार. नाव छापू नका, नाशिकचं इंदिरानगर एवढं चालेल. वय २७. पत्रकारितेचा कोर्स करून एका लोकल पेपरच्या वेब डेस्कला आहे, हातात १६ हजार येतात. दोन वर्षांपूर्वी स्वतःचं यूट्यूब चॅनल काढलं. आधी खड्डे, पाणी, घंटागाडी असले विषय करायचे, ८००-९०० व्ह्यूज यायचे. मार्चमध्ये एक नेता आणि सिरीयलमधली एक अभिनेत्री यांची गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टमधली १४ सेकंदांची सीसीटीव्ही क्लिप हाती लागली, ती टाकली, तीन दिवसांत ४ लाख व्ह्यूज. आता मिसळ खायला गेले तरी लोक सेल्फी मागतात. पण नेत्याच्या वकिलाची नोटीस आलीय, सात दिवसांत व्हिडिओ काढा, माफी मागा, नाहीतर ५ कोटींचा दावा. त्याच नेत्याच्या विरोधी गटातले एक साहेब म्हणतात दर आठवड्याला मटेरियल देतो, वर महिन्याला ४० हजारांची ऍड. संपादक म्हणतात चॅनल नाहीतर नोकरी, एक काय ते ठरव. आई लग्नाचं बोलते. मुंबईतले एक पत्रकार माझे आयडॉल आहेत, राजकारण आणि बॉलीवूड दोन्हीकडची लफडी काढतात, ढीगभर केसेस आहेत तरी नाव आहे, अंधेरीत फ्लॅट आहे. मी पण तशीच वादग्रस्त होऊ का? की सगळं बंद करू?”

अगं, आधी नोटिशीचं बोलू कारण तिला तारीख आहे, तुझ्या आयडॉलला नाही.

वकिलाची नोटीस म्हंजे कोर्टाचं समन्स नव्हे. लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र असतं ते, त्यात ५ कोटी लिहायला काही लागत नाही, दावा खरंच लावायचा झाला की कोर्ट फी भरावी लागते तेव्हा भले भले शून्य कमी करतात. पण म्हणून ती नोटीस कॅमेऱ्यासमोर टराटरा फाडायची आणि त्याचा पण व्हिडिओ करायचा, हे तुझ्या डोक्यात येऊन गेलं असणार, मी तुझ्या वयाचा असतो तर माझ्या पण आलं असतं, ते करू नको. सीबीएस स्टँडजवळ कोर्टात जा, बदनामीच्या केसेस चालवणारा वकील शोध (ओळखीतला, जागेच्या केसेस करणारा मामा नको), आणि सात दिवसांच्या आत लेखी उत्तर जाऊ दे. तोपर्यंत त्या विषयावर लाइव्ह नाही, स्टोरी नाही, खालच्या कमेंटला हसरी इमोजी पण नाही.

बदनामीची फौजदारी बाजू आधी आयपीसी ४९९-५०० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये गेली. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा पण आलीय. हे कलमच एक दिवस जाईल अशा आशेवर राहू नको, २०१६ साली सुब्रमण्यम स्वामींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते घटनेत बसतं असं सांगून टाकलंय. आणि आपल्या सगळ्या पोरांचा एक गैरसमज असतो, खरं आहे ना, मग घाबरायचं काय? फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही बाई. ते खरं असावं लागतं आणि ते सांगण्यात लोकांचं हित असावं लागतं, दोन्ही पाहिजे. आता तूच सांग, तो नेता आणि ती मुलगी एका गाडीतून उतरले यात इंदिरानगरच्या पाणीपट्टी भरणाऱ्या माणसाचं हित नेमकं कुठलं?

व्हिडिओ मी पाहिला, दोनदा पाहिला. आठ मिनिटांचा आहे, त्यात ती १४ सेकंदांची क्लिप अकरा वेळा येते, मी मोजलं. लाल गोल, झूम, मागे ते धडाम धडाम म्युझिक. पांढरी गाडी येते, तो उतरतो, ती पलीकडून उतरते, एक पोरगा बॅगा घेऊन पुढे जातो, संपलं. बाकी सगळं तुझ्या आवाजात आहे, “चर्चा आहे”, “सूत्रं सांगतात”, “प्रश्न उपस्थित होतोय”. आणि शेवटी “टीमने संपर्क साधण्याचा प्रयत्न केला”. त्यावर मी तुला मेलवर विचारलं की नेमका काय प्रयत्न केलास, तर तू खरं सांगितलंस, त्याचे तुला पूर्ण मार्क: तिला इन्स्टावर रात्री ११.४० ला मेसेज केला आणि १२.१५ ला व्हिडिओ लाइव्ह. ३५ मिनिटं! एवढ्या वेळात द्वारका चौकाचा सिग्नल सुटत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, वकील सांगेलच. सीसीटीव्हीची क्लिप कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ज्याच्या मशीनमधून ती निघाली त्याच्याकडचं. म्हंजे रिसॉर्टवाल्याचं. तो देणारे तुला? तर ती क्लिप तुझ्याकडे ज्या मोबाईलवर आली तो फॉरमॅट मारू नको, विकू नको, चॅट डिलीट करू नको. ज्या नंबरवरून आली, ज्या वेळेला आली, सगळं आहे तसं राहू दे.

आता ती कुणाकडून आली याचं बोलू. तुझ्या पत्रात सगळं आहे, व्ह्यूज आहेत, सेल्फी आहेत, आईचं लग्नाचं बोलणं आहे, एवढं एकच नाही. “हाती लागली” असं लिहिलंयस. अगं हाती काय लागते, रस्त्यावर पडली होती का ती?

मी एक माझं सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी चोवीस वर्षांचा, नाशकातल्या एका सायंदैनिकात होतो, गुन्हे आणि नाट्य अशी दोन बीट एकाच माणसाकडे म्हंजे माझ्याकडे, त्यामुळे बरेचदा दोन्हीत मला फरक कळायचा नाही. एक नाटक दौऱ्यावर होतं, कालिदासला साडेनऊचा प्रयोग झाला, रात्री बस धुळ्याला निघाली तर नायिका बसमध्ये नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाटकाचा कॉन्ट्रॅक्टर मला शालिमारला चहाला घेऊन गेला, म्हणाला पोरगी पळाली, अमक्या आमदाराच्या माणसाबरोबर, तुझं नाव कुठे येणार नाही, घे एक्सक्लुझिव्ह. मी घेतली. चौकटीत छापून आली: अभिनेत्री रातोरात गायब, राजकीय वर्तुळात चर्चा. राजकीय वर्तुळ म्हंजे मी, कॉन्ट्रॅक्टर आणि चहावाला.

चौथ्या दिवशी बाई ऑफिसात आल्या. मी तयारीत होतो की आता चप्पल काढणार. साधी सुती साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून कुठल्यातरी बँकेची खिशातली डायरी काढली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली. एका पानावर तारीख, गाव, थिएटर, नाइट, आणि शेवटच्या रकान्यात “बाकी”. खाली खाली बाकी, बाकी, बाकी. नऊ नाइट. म्हंजे नऊ प्रयोगांचे पैसे त्या कॉन्ट्रॅक्टरने दिलेच नव्हते. वडील सिन्नरला दवाखान्यात ऍडमिट झाले म्हणून तिने त्या रात्री निदान दोन नाइटचे मागितले, तो नाही म्हणाला, ती एसटी पकडून सिन्नरला गेली. एवढंच झालं होतं. आवाज चढवला नाही तिने, डायरीवर बोट ठेवून मला म्हणाली, “हे छापाल का?”

मी डायरी घेऊन संपादकांकडे गेलो. ते म्हणाले हा त्यांचा आपसातला व्यवहार आहे, आपण कशाला पडायचं. खुलासा आला दोन ओळींचा, आतल्या पानावर, वधू-वरच्या खाली. त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरची पाव पान जाहिरात आली आमच्याकडे. मला तेव्हा काही कळलं नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो, पण कळलं होतं, कळून घेतलं नाही. पुढच्या सीझनला त्या बाईंना काम मिळालं नाही हे मला एका रंगभूषाकाराने सांगितलं, आणि सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

बातमी कुठली होती सांग? दौऱ्यावर बायामाणसांच्या नाइट बुडवणारा कॉन्ट्रॅक्टर, ही बातमी होती, पुराव्यासकट, तारखेसकट, माझ्या टेबलावर. आणि मी जी छापली ती बातमी त्याच माणसाने ती डायरी झाकायला मला दिली होती. मी पत्रकार नव्हतो त्या दिवशी, कुरिअरवाला होतो, आणि पाकिटात काय आहे ते पण न बघता घरी नेऊन टाकणारा.

म्हणून तुला विचारतोय की क्लिप दिली कुणी आणि त्याला काय पाहिजे होतं. आणि मला एक डाऊट आहे, तो चुकीचा असला तर कान पकडतो: हे जे साहेब आता दर आठवड्याला मटेरियल देतो म्हणतायत, पहिलं मटेरियल पण त्यांचंच नव्हतं ना?

वादग्रस्त होण्याचं म्हणशील तर तुझा आयडॉल काही या लायनीतला पहिला नाही. बाबूराव पटेल नाव ऐकलंयस? पालघरकडचा माणूस, १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ नावाचं इंग्रजी मासिक काढलं आणि नट, नट्या, निर्माते यांना त्यात असा धुतला की लोक आधी शेवटची पानं उघडायचे, कारण वाचकांच्या प्रश्नांना तो जी उत्तरं द्यायचा ती म्हंजे मिरचीची धुरी. (हो, मी पण तेच करतोय, फक्त मिरची कमी.) शांता आपटेंनी म्हणे त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला छडीने बडवला होता, खरंखोटं देव जाणे पण सिनेमावाले अजून रंगवून सांगतात. मग साठच्या दशकात त्याने मासिकाचं नाव बदलून ‘मदर इंडिया’ केलं, सिनेमा मागे पडला, राजकारण पुढे आलं, आणि १९६७ ला गडी जनसंघाकडून मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून खासदार झाला. म्हंजे सिनेमाची लफडी ते लोकसभा, तुला जी वाट नवीन वाटतेय ती त्याने पन्नाससाठ वर्षांपूर्वी चालून दाखवलीय. काय लिहायचा! भाषा अशी की आज पण वाचताना हसू आवरत नाही. पण आता लोक काय आठवतात तर त्याने कुणाचा अपमान केला ते. त्याने काय शोधून काढलं असं विचारलं तर उत्तर द्यायला मला वेळ लागतो, आणि मी या विषयात आयुष्य घालवलंय.

उलट आपल्या नाशकातूनच गावकरीवाल्यांचं ‘रसरंग’ हे सिनेसाप्ताहिक निघायचं, इसाक मुजावर संपादक. गॉसिप त्यात नव्हतं असं नाही, साप्ताहिक चालवायचं तर थोडं लागतं, पण तो माणूस जुन्या मूकपटाच्या वेळच्या लोकांपर्यंत जाऊन माहिती खणून आणायचा. त्यांना कुणी वादग्रस्त म्हटलं नाही, फ्लॅटचं मला माहीत नाही.

आणि पुरावा न तपासता छापण्याचं म्हणशील तर त्यात आपण फार मोठ्यांच्या पंगतीला आहोत. १८८२ साल, केसरी निघून जेमतेम वर्ष झालेलं. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय म्हणून टिळक-आगरकर तिथल्या दिवाणाविरुद्ध, बर्व्यांविरुद्ध लिहीत होते, हातात पत्रं होती, दिवाणाला गुंतवणारी, एकदम सॉलिड वाटणारी. कोर्टात ती पत्रं खोटी निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली, सुटीबिटी धरून १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात. हेतू स्वच्छ होता, कळवळा खरा होता, तरी आत गेले, कारण कुणीतरी आणून दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला. तुझी १४ सेकंदं म्हंजे तुझी बर्वे-पत्रं आहेत असं समज. फरक एवढाच की सुटून आल्यावर त्यांचं लोकांनी मिरवणुकीने स्वागत केलं, तुझ्यासाठी सेल्फीवाले कोर्टात येणार नाहीत, पैज लाव.

पण मी तुला गोड गोड सांगून फसवणार नाही. वादावर करिअर होतं. झालेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. २०२० मध्ये सुशांतसिंहच्या मृत्यूवर रोज रात्री नऊला जो तमाशा चालायचा, रिया चक्रवर्तीला टीव्हीवर आधीच दोषी ठरवून झालं होतं, ती जवळपास महिनाभर आत राहून आली, जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने मीडिया ट्रायलवर कडक ताशेरे ओढले, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करायचा रिपोर्ट देऊन टाकला. ओरडणाऱ्यांचं काय वाकडं झालं? काही नाही, ते अजून ओरडतायत, आणि पगार आपल्या दोघांच्या स्वप्नात पण मावणार नाहीत. पण त्यांच्या मागे कंपनी असते, कंपनीचं लीगल डिपार्टमेंट असतं, तारखेला वकील जातो, अँकर स्टुडिओत असतो. तुझी प्रत्येक तारीख म्हंजे एक रजा, रिक्षा आणि वकिलाचे पैसे, १६ हजारातून. दिल्लीत, पुण्यात, नागपुरात एकेक तक्रार पडली तर तू ट्रेनमध्येच राहशील. तुझ्या आयडॉलच्या “ढीगभर केसेस” ज्या तुला मेडल वाटतात त्यातल्या किती त्याने लढवल्या, किती ठिकाणी गुपचूप माफी लिहून दिली, हे एकदा बघ. कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकून केसेस शोधता येतात, फुकट आहे. आयडॉलवर पण बातमी करायची सवय असावी माणसाला.

साहेबांच्या ४० हजारांवर मी फार शब्द घालवत नाही. नाही म्हण. फोनवर नको, मेसेजवर, म्हंजे रेकॉर्ड राहील. पहिले दोन आठवडे तो दुसऱ्याचं मटेरियल देईल, तिसऱ्या आठवड्यात स्वतःचं कायतरी निघालं की म्हणेल आपलं ते जरा राहू दे. असले पैसे व्हिडिओ टाकण्याचे नसतातच, न टाकण्याचे असतात. आणि व्हिडिओचा धाक दाखवून पैसे घेतले हे कुणी सिद्ध केलं तर त्याला खंडणी म्हणतात, न्याय संहितेचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. नाशकात हातात बूम म्हंजे चॅनलचा माइक घेऊन फिरणाऱ्यांतले काही कसे जगतात ते तुला मी सांगायला नको, तू डेस्कला बसतेस, “तथाकथित पत्रकारावर गुन्हा” ही हेडिंग तूच टाइप केली असशील. पाकीट एकदा घेतलं की परत देता येत नाही, कारण देणारा परत घेत नाही.

मग राजकारण आणि सिनेमावाले हा विषयच सोडायचा का? अजिबात नाही, उलट या दोघांचं लग्न जिथे लागतं तिथेच आपल्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या बातम्या आहेत. फक्त तू दार कुठलं ठोठावतेस ते बघ.

तेलगी आठव, बनावट स्टॅम्प पेपरवाला. तेलगी म्हटलं की लोकांना काय आठवतं? डान्सबार, एका रात्रीत उधळलेले लाखो रुपये. पेपरांनी ते रकाने भरभरून लिहिलं. पण त्या भानगडीचा जीव आपल्या नाशिकरोडला होता, सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली छपाईची मशिनरी त्या माणसापर्यंत पोचली कशी, कुणाच्या सहीने, कुठल्या लिलावात. २००१ ला तो अजमेरला पकडला गेला, मग शिक्षा झाली, २०१७ ला मेला पण, आणि अजून पोरं विचारतात ती डान्सर कोण होती. सहीचं कुणी विचारत नाही.

किंवा अगदी अलीकडचं घे. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हणून रान उठलं, नट सयाजी शिंदे आले, सगळे बूम त्यांच्या तोंडासमोर. बरोबरच आहे, माणूस झाडांसाठी खरंच काम करतो आणि बाइट पण झकास देतो. पण त्याच जागेवर प्रदर्शन केंद्राचं जे टेंडर निघालं होतं ते डाऊनलोड करून वाचलेले रिपोर्टर मला एका हाताच्या बोटांवर मोजता आले. सिंहस्थ तोंडावर आहे, हजारो कोटींची कामं आहेत, प्रत्येक कामाला टेंडर आहे, प्रत्येक टेंडर महाटेंडर्सच्या साइटवर पडतं, आणि तू १४ सेकंदात गाडीचं दार कोण उघडतंय ते बघत बसलीस.

तुझ्याच क्लिपमधून बघ किती निघतं. रिसॉर्ट कुणाचं? गट नंबर काढ, सातबारा ऑनलाइन दिसतो, फेरफार काढ, इंडेक्स टू म्हंजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा बघ, खरेदी कधीची, कुणाच्या नावावर, बायकोच्या, मेहुण्याच्या, ड्रायव्हरच्या? जमीन एनए, म्हंजे बिगरशेती झालेली आहे का? धरणाच्या किती जवळ आहे, पूररेषेच्या आत येतं का? नेत्याने निवडणुकीला प्रतिज्ञापत्र दिलंय, ते पब्लिक आहे, त्यात ही मिळकत आहे का? आणि ती मुलगी तिथे कशाला आली होती ते तरी तुला माहितीय का? मला वाटतं, नुसतं वाटतं, की बाई रिबिन कापायला नाहीतर कुठल्यातरी हंडीला आलेली असणार, सिरीयलच्या मुलींचं अर्धं पोट या सुपाऱ्यांवर चालतं. मग तो कार्यक्रम कुणाचा, तिचं मानधन कुणी दिलं, चेकने दिलं की पाकिटात, आणि निवडणुकीच्या खर्चात ते दाखवलंय का? बघ, तीच क्लिप, तीच पांढरी गाडी. पण आता लोकहित आहे, आणि मुलगी आरोपी राहिली नाही, झाली तर साक्षीदार होईल. कदाचित तिची पण एखादी डायरी असेल, बाकी-बाकी लिहिलेली, तू विचारलंच नाहीस.

माहिती अधिकाराचा अर्ज कर, १० रुपयांचं तिकीट, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं त्यांना. नाही दिलं तर अपील. कंटाळवाणं आहे, मान्य. ४ लाख व्ह्यूज नाही येणार, ९००० येतील. पण त्या ९००० मध्ये महापालिकेतला एखादा क्लार्क असेल जो पुढची फाइल तुला आणून देईल, आणि त्याला काय हवंय हे पण त्याला विचारायचंच हां, फुकट तो पण देत नसतो, कधी राग असतो, कधी बढती अडकलेली असते. असू दे. माहीत असलं म्हंजे झालं.

त्या मुलीबद्दल अजून. नेता सार्वजनिक माणूस आहे, त्याच्या पदाच्या कामाबद्दल तू काय वाटेल ते विचार. पण सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये, ऑटो शंकर नावाच्या कैद्याच्या आत्मचरित्राच्या केसमध्ये, साफ सांगितलंय की माणसाच्या खाजगी आयुष्याबद्दल, लग्न, कुटुंब वगैरेबद्दल त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही, सार्वजनिक रेकॉर्डवर असेल तर गोष्ट वेगळी. ती कुणाची लोकप्रतिनिधी नाही. व्हिडिओखालच्या कमेंट वाचल्यास का तू? मी वाचल्या, सगळ्या वाचवल्या नाहीत. त्याला शिव्या जेमतेम आहेत, “साहेबांचा नाद नाय” असं कौतुकच जास्त आहे, बाकी सगळी घाण तिच्या नावाने. वकिलाला आधी विचार की कुठल्या शब्दांत केलं म्हंजे केसला धक्का लागणार नाही, पण तिचं नाव आणि चेहरा त्या व्हिडिओतून गेला पाहिजे, या आठवड्यात. आणि मग तिला नीट गाठ, मॅनेजरमार्फत, दिवसाउजेडी, ३५ मिनिटांची मुदत न देता. ती बोलणार नाही बहुतेक. तरी सॉरी म्हण.

नोकरी सोडू नको. संपादक एक काय ते ठरव म्हणतायत ना, त्यांना विचार की लेखी द्या, आणि तुझं अपॉइंटमेंट लेटर काढून बघ बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय. मग सहा महिने चॅनल थंड ठेवायची तयारी दाखव, त्या सहा महिन्यांत वरचे कागद काढ. १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास झाले की यूट्यूब पैसे द्यायला लागतं हे खरं, पण एका महिन्यात येतात त्याच्या पाव पुढच्या महिन्यात येतात, आणि ९० दिवसांत नियम मोडल्याचे तीन स्ट्राइक पडले की दुकान बंद. आणखी एक कारण आहे नोकरी धरून ठेवायचं, ते तुला कुणी सांगितलं नसेल. पत्रकारांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण त्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा करारावर असलेल्या माणसाभोवती फिरते. उद्या कुणी तुझा कॅमेरा फोडला तर एकटं यूट्यूब चॅनल घेऊन पोलीस ठाण्यात बसण्यात आणि पेपरचं आयकार्ड घेऊन बसण्यात फरक पडतो. १६ हजारात ते आयकार्ड पण धरलेलं आहे असं समज.

आईचं काय ते आईशी बोल, मी त्यात पडत नाही, माझ्या आईने माझं लग्न जमेना म्हणून माझं वर्णन स्थळांना “छापखान्यात आहे” असं केलं होतं.

तर सोमवारी वकिलाकडे जायच्या आधी एक काम कर. शालिमारला दहावीस रुपयांची वही मिळते ती घे. पहिल्या पानावर तारीख टाकून लिही की क्लिप कुणी दिली, कुठे भेटला, काय म्हणाला, त्या बदल्यात काय मागितलं, नाही मागितलं तर पुढे काय मागेल असं तुला वाटतं. रकाने पाडून लिही. मला पाठवू नको, मला नाव कळायला नको. वकिलाला दाखव आणि घरी कुलपात ठेव.